मेस्ताची बोथट सळई

सोमा मेस्त मला कधी आवडला नाही. तो जाऊन आता सहा महिने झाले, तरी आवडत नाही. मेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बरे बोलावेत अशी आपल्यात रीत आहे आणि त्याच्या बाराव्याला लोकांनी ती पाळलीही. 'हात मात्र कसबी होता हं,' असं जो तो म्हणत होता. तोंडाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मी पंगतीच्या कडेला बसून मनात म्हणत होतो, बोला बाबांनो, आता तो उलट बोलायला यायचा नाही.

रामनगरात आमचं घर आणि त्याची टपरी समोरासमोर, मधे फक्त रस्ता. मी खानापूरकडच्या एका शाळेत मास्तर आहे. सकाळी मोटरसायकल बाहेर काढली की पहिलं दर्शन त्याचं. उकिडवा बसलेला, अंगात खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, त्याचं एक बटण कायम तुटलेलं, कानावर पेन्सिल आणि दोन गुडघ्यांत धरलेली एखादी सळई. मी दिसलो की तो कानस थांबवायचा, मान वळवायचा आणि रस्त्यावर थुंकायचा. मग कानस पुन्हा सुरू. माझ्या बायकोला, सुनंदाला, लग्न होऊन आल्यावर पहिले दोन महिने वाटायचं की ह्या म्हाताऱ्याला पानाचं व्यसन आहे. तो पान खात नव्हता.

टपरीवर 'सायकल, छत्री, स्टो रिपेअर' असा बोर्ड होता. पण त्याच्याकडे माणसं यायची ती सळ्यांसाठी. ह्या सळ्या कसल्या, हे सांगायचं तर आधी आमच्या गावाचं सांगायला हवं.

आमचं जुनं गाव धरणाच्या पोटात आहे. मी आईच्या कडेवर होतो तेव्हा माणसं तिथून उठली आणि रामनगरात आली. ज्या वर्षी पाणी फार खाली जातं, त्या वर्षी मे महिन्यात जुनी जमीन उघडी पडते. गाळ, झाडांचे काळे बुंधे आणि विहिरींचे दगडी कठडे, एवढंच दिसतं. मग रामनगरातली, गुंदकडची माणसं डबे बांधून निघतात आणि गाळात आपापली घरं शोधतात. सोन्यानाण्याच्या आशेनं येतात ते बाहेरचे. आमची माणसं जातात ती मेढीखालच्या एका नाण्यासाठी.

मेढ म्हणजे घराचा मधला मुख्य खांब. तो रोवण्याआधी खड्ड्यात चांदीचं एक नाणं ठेवायचं आणि घर हललं की तेच नाणं काढून नव्या घराच्या खड्ड्यात घालायचं, अशी आमची चाल. नाणं अखंड हवं. चरा गेलेलं नाणं खंडित, ते चालत नाही. नाण्याबरोबर एक आकडाही घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो: विहिरीच्या कठड्यापासून आपली मेढ किती हातांवर आहे. नवी मेढ रोवताना गावातला वडीलधारा माणूस चार लोकांत विचारतो, "कुणाचं? कुठनं आणलं? किती हातावरनं?" नाणं ठेवणाऱ्यानं उत्तर द्यायचं. विहीर ही घराची साक्षीदार, असं आमचे लोक मानतात. धरण भरायला लागलं तेव्हा मात्र जो तो भांडी आणि गुरं सांभाळत होता. बहुतेकांची नाणी खालीच राहिली.

हल्ली नाणी शोधायला यंत्र मिळतं. लांब दांड्याला थाळीएवढी चकती, जमिनीवरून फिरवली की पीं-पीं वाजतं. पण ते खिळ्यालाही वाजतं, मोडक्या कोयत्यालाही वाजतं आणि कुणाच्या तरी पणजीच्या फुटक्या तपेलीलाही वाजतं. खाली काहीतरी आहे एवढंच ते सांगतं. काय आहे आणि किती खोल आहे, हे सांगते ती सळई. मूठ धरून हलकेच गाळात खुपसायची, टोकाला जे लागेल ते मनगटानं ओळखायचं आणि मगच खुरपं चालवायचं. सरसकट खणलं तर वीतभर खोल असलेल्या एका नाण्यासाठी अख्खा दिवस जातो, शिवाय खुरप्याच्या पात्यानं नाण्याचं वाटोळं होतं.

ही सळई करण्यात सोमा मेस्ताचा हात धरणारा कुणी नव्हता. हे मी आनंदानं लिहीत नाही.

त्याची सळई पोलादाची, टोक पितळेचं. गॅस वेल्डिंगला लागते ती पितळी काडी आणून तो टोकाला जोडायचा आणि कानशीनं घासून तुरीच्या दाण्याएवढं गोल करायचा. मग आधी पॉलिश पेपर आणि शेवटी स्वतःच्या शर्टाची बाही. मूठ फणसाच्या लाकडाची. बांबूची का नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "बांबू पोकळ. सगळं आईकतो आणि तुला काय सांगत न्हाई." लांबी मातीप्रमाणे. तांबड्या कडक मातीला वीतभर आणि चार बोटं, शेताच्या चिखलाला दीड वीत, धरणाच्या गाळाला हातभर. माणसं घरून आपल्या अकलेनं केलेली हत्यारं घेऊन यायची आणि तो एकेक हातात घेऊन बाजूला टाकायचा. छत्रीची काडी बघून म्हणायचा, "ही तुझ्यासारखी. कुटंबी वाकती." स्क्रूड्रायव्हर बघून म्हणायचा, "ह्यो भावकीत वापर." सायकलच्या तारेबद्दल त्याचं मत जरा बरं होतं, पण तिला टोक काढलेलं दिसलं की तो पेटायचा.

"टोकदार सळई चोराची, बोथट सळई धन्याची," हे त्याचं ठरलेलं वाक्य. दिवसातून दहा वेळा तरी ते रस्त्यापलीकडून माझ्या कानांवर पडायचं. चोराला घाई असते, त्याला पटकन रुतणारी हवी. धन्याला नाणं हवं असतं, तेही साबूत. तो कधीही टोक काढून देत नसे. गुप्तधनवाले लोक एकदा जीप घेऊन आले होते, बरोबर लिंबू-नारळ आणि कपाळभर कुंकवाचा एक बुवा. त्यांना दोन हात लांब, टोकदार सळई पाहिजे होती. मेस्तानं बुवाला नखशिखांत बघितलं आणि विचारलं, "खाली धन हाय हे तुमास्नी दिसतंय न्हवं? मग टोचून काय बघताय?" जीप वळेपर्यंत तो बुवाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. रस्त्यावर सगळे हसले. मीही हसलो असतो, पण त्याच्या बोलण्याला हसायचं नाही असा आमच्या घरात दंडक होता.

सळई विकत घ्यायची तर आधी परीक्षा. टपरीत एक घमेलं होतं, त्यात धरणाचा ओला गाळ. गाळात एक नाणं, एक खिळा, कौलाची खापरी, काचेचा तुकडा आणि झाडाचं मूळ. गिऱ्हाइकानं डोळे मिटायचे आणि सळईनं चाचपून काय लागलं ते सांगायचं. चुकलं की बोटांच्या पेरांवर कानशीची मूठ. बेळगावचा एक तरुण इंजिनियर बाहेरदेशाहून मागवलेलं महागडं यंत्र आणि त्याच्याबरोबरची चकचकीत सळई घेऊन आला होता. त्याला मेस्ताची सळई नको होती, आपली दाखवायची होती. मेस्तानं त्याला घमेल्यापुढे बसवलं. पोरगा आपल्या सळईनं कौलाच्या खापरीला तीनदा नाणं म्हणाला.

"खापरी किरकिरती," मेस्त म्हणाला. "मूळ लागलं तर सळई उडती. काचंवरनं घसरती. दगडाला लागली तर हात मागं येतो. नाणं काय करतंय सांग."

"आवाज येतो, टिक् असा."

"न्हाई. नाणं गप्प थांबिवतंय. तुला गप्प बसायचं ठावं न्हाई, तुला नाणं कसं कळंल?" आणि त्यानं ती परदेशी सळई इंजिनियरच्या हातात परत ठेवली. "ही घरात ठेव. बायको शेंगदाणं भाजताना हालवील."

पोरगा लाल होऊन गाडीत बसला. महिनाभरानं मुकाट्यानं येऊन मेस्ताची सळई घेऊन गेला, हे खरं. पण माणसाला शिकवायची ही काय पद्धत झाली? मी तेवीस वर्षं शिकवतोय, मुलांना कधी असं बोललो नाही. म्हणजे क्वचितच बोललो असेन.

बाजारकुणंगच्या एका बाईची नाकातली चमकी लावणीच्या चिखलात पडली होती, त्याची गोष्ट लोक अजून सांगतात. यंत्र नव्हतं, काही नव्हतं. बाई रडत टपरीवर आली. मेस्तानं तिला आधी झाप झाप झापलं, शेतात उतरताना नाकात सोनं कशाला लागतं म्हणून. मग टपरी बंद करून एसटीनं तिच्या गावी गेला आणि तीन दिवस गुडघाभर चिखलात हाता-हाताची चौकट आखून सळईनं चाचपत राहिला. तिसऱ्या दिवशी चमकी मिळाली. बाई पाया पडायला वाकली तर म्हणाला, "सुम्न, गप ऱ्हा. पाय चिखलाचं हायत." लोक ही गोष्ट त्याच्या मोठेपणाची म्हणून सांगतात. मला तिच्यातलं एवढंच दिसतं की दुसऱ्याच्या चमकीसाठी तीन दिवस घालवणारा माणूस माझ्या आईच्या आजारपणात रस्ता ओलांडून दारात आला नाही.

कारण विहीर.

जुन्या गावात आमचं आणि मेस्तांचं घर एका ओळीत होतं आणि विहीर एकच. एका घराची मेढ विहिरीपासून बारा हातांवर, दुसऱ्याची बत्तीस हातांवर. ज्याची मेढ जवळ त्याची विहीर, हे उघडच आहे. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, बारा हात आमचे. सोमा मेस्त म्हणायचा, बारा हात आमचे. धरणाच्या मोजणीला साहेब आले तेव्हा मेस्ताचा बाप तापानं पडलेला आणि सोमा कॅसलरॉकला रेल्वेच्या कामावर. आप्पांनी विहीर दाखवली, कागदावर ती आमची झाली. विहीर असलेल्यांना रामनगरात रस्त्याकाठचा सपाट प्लॉट मिळाला. मेस्ताला मागच्या उतारावरचा. टपरी मात्र त्यानं मुद्दाम आमच्या दारासमोर आणून टाकली आणि तिथं बसून तो चाळीस वर्षं थुंकला.

मी लहानपणापासून आप्पांचंच ऐकत आलो. 'बारा हात' हे आमच्या घरात पाढ्यांच्या आधी शिकवलं जायचं. मेस्त खोटारडा, मेस्त आकसखोर, मेस्ताची नजर वाईट. त्याला म्हणे कुणी विचारलं होतं, अरे तू एवढ्या सळ्या करतोस, तुझ्या घराचं नाणं का काढत नाहीस? तो म्हणाला, "मी काढलं तर ते म्हणतील मेस्तानंच पुरलं हुतं. ऱ्हाऊ दे तितंच. पाणी साक्षीला हाय." आप्पा हे ऐकून म्हणाले होते, "बगा, पळवाट." मलाही तेव्हा ती पळवाटच वाटली.

दोन वर्षांपूर्वी मी नवं घर बांधायला काढलं, त्याच प्लॉटवर, जुनी पत्र्याची शेड मागं ठेवून. आप्पा तेव्हा ऐंशीच्या जवळ आलेले, डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी एकच अट घातली. "जुन्या मेढीचं नाणं आणल्याबिगर मी नव्या घरात पाय ठेवणार न्हाई. मरीन ते ह्या शेडातच." आणि आप्पा जे बोलतात ते करतात. नाण्याची खूणही त्यांनी सांगितली: राजाच्या तोंडाचा रुपया. त्या मे महिन्यात पाणी कधी नव्हे इतकं खाली गेलं होतं.

मी मेस्ताकडे सळई मागायला गेलो नाही. गेलो असतो तर त्यानं दिली नसती. खरं सांगायचं तर त्यानं दिली असती तरी मला नको होती. मी सायकलची एक तार घेतली, दगडावर घासून तिला चांगलं टोक काढलं, यंत्र भाड्यानं आणलं आणि धरणाच्या गाळात उतरलो. विहिरीचा कठडा शाबूत होता. त्याच्यापासून उगवतीकडे हातानं मोजत गेलो. बाराव्या हाताला यंत्र वाजलं. आनंदानं मला राहवेना. तार जोरात खुपसली, काहीतरी लागलं, पुन्हा खुपसली, ओढली आणि उकरलं.

नाणं चांदीचं होतं. पण त्याच्यावर राजा नव्हता. गोव्यातल्या जुन्या राजवटीचा रुपया होता तो, परकी अक्षरांचा. आणि त्याच्यावर ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत माझ्या तारेनं एक खोल चरा पाडलेला.

मेस्ताचा आजा कॅसलरॉकला रेल्वेच्या लोहारकामावर होता. गोव्यातून येणाऱ्या गाड्यांचं काम तो करायचा. गोव्याचा रुपया आमच्या कुळवाडी घरात कुठून येणार? हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी तरीही नाणं घरी आणून आप्पांच्या तळहातावर ठेवलं.

आप्पांनी ते अंगठ्यानं चाचपलं. बराच वेळ चाचपलं. मग चरा त्यांच्या नखाला लागला.

"हे खंडित झालंय," ते म्हणाले. "हे चालणार न्हाई. दुसरं बग."

"दुसरं कुठलं आप्पा? मेढीखाली नाणं एकच असतं."

आप्पा भिंतीकडे तोंड करून बसले. सुनंदा चहा घेऊन आली आणि कप ठेवून परत गेली. मग ते हळूच म्हणाले, "अजून ईस हात फुडं बग."

बारा आणि वीस, बत्तीस. चाळीस वर्षांत माझ्या बापाच्या तोंडून निघालेली कबुली ती एवढीच. तीसुद्धा भिंतीला सांगितल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी मी रस्ता ओलांडला. मेस्त स्टोची पिन काढत होता. मी ते नाणं त्याच्या स्टुलावर ठेवलं. मनात म्हटलं होतं की ठेवून लगेच निघायचं, पण उभा राहिलो.

त्यानं नाण्याला हात लावला नाही. "कुटं घावलं?"

"विहिरीपासनं बारा हातावर."

"परत म्हण."

"बारा."

मग त्यानं ते उचललं, उजेडाकडे धरलं आणि चऱ्यावरून बोट फिरवलं. "सायकलची तार?"

"व्हय."

"टोक काढलं हुतंस?"

"व्हय."

"गाढवा," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्त लागला. "चाळीस वर्सं पाण्यानं काय केलं न्हाई त्याला. तुझ्या बानं विहीर नेली, तू मेढ मारलास."

मी माफी मागणार होतो. खरंच मागणार होतो. पण त्यानं मला तोंडच उघडू दिलं नाही. त्यानं घमेल्यातलं आपलं परीक्षेचं नाणं काढून फेकलं आणि हे नाणं तिथं गाळात दाबलं. "बस. डोळं मीट."

चार दिवस मी रोज संध्याकाळी त्याच्यासमोर घमेल्याशी बसत होतो. चाळिशी ओलांडलेला मास्तर, येणारीजाणारी माणसं बघताहेत आणि पेरांवर कानशीची मूठ बसते आहे. गिऱ्हाईक आलं की तो गाळातलं नाणं काढून दाखवायचा. "ही रेघ बगितलास? मास्तरनी मारलीया. टोकदार सळई असली की असं हुतंय." मला तिथं उठून त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटायची. चौथ्या दिवशी डोळे मिटून मी सलग दहा वेळा ते नाणं ओळखलं. सळईचं टोक त्याला लागलं की हात खरोखरच आपोआप थांबायचा.

त्यानं एक हातभर लांब सळई माझ्यापुढे धरली, पण सोडली नाही.

"ही इकत न्हाई. परत द्यायची. आणि एक. मेढ रोवशीला तवा नागूकाका इचारंल, किती हात. तवा चार माणसांत खरं सांगायचं. मला विहीर नको, तुझा प्लॉट नको. आकडा पायजे."

"सांगतो," मी म्हणालो.

"तुझ्या बापासमोर."

"सांगतो म्हटलं की."

त्यानं सळई सोडली. मी वळलो तसा तो मागं थुंकला.

बत्तीस हातांवर राजाच्या तोंडाचा रुपया मिळाला. सळईचं बोथट टोक त्याच्या पाठीवर टेकलं आणि मी बोटांनी गाळ बाजूला केला. नाण्यावर ओरखडासुद्धा नव्हता. गाळात गुडघे टेकून मी बराच वेळ बसलो होतो आणि त्या वेळी, एवढं एकदाच, मला मेस्ताविषयी राग नव्हता.

मेढ रोवायच्या दिवशी सकाळी सगळं जुनं गाव आमच्या अंगणात जमलं. आता मेढ कुठली, सिमेंटचा पहिला पिलर, पण खड्डा खड्डाच असतो. आप्पा प्लास्टिकच्या खुर्चीत, डोक्याला नवा रुमाल, दोन्ही हात काठीवर. नागूकाका म्हणजे आमच्या जुन्या गावातले सगळ्यांत वडील. ते खड्ड्यापलीकडे उभे. मेस्ताला आमंत्रण नव्हतं, पण तो रस्त्याच्या आमच्या कडेला, जांभळाच्या झाडाखाली येऊन उभा होता. शर्टाची सगळी बटणं लावलेली. तुटकं बटणही त्यानं शिवलं होतं.

नागूकाकांनी विचारलं, "कुणाचं?"

"आमच्या घराचं."

"कुठनं आणलं?"

"जुन्या मेढीच्या खड्ड्यातनं."

"किती हातावरनं?"

मी आप्पांकडे बघितलं. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण ते माझ्याचकडे तोंड करून होते आणि काठीचं टोक मातीत टोचत होते. सुनंदा दारात उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं. तिनं मान खाली घातली.

"बारा," मी म्हणालो.

लोकांनी माना हलवल्या. आप्पांची काठी थांबली. मी नाणं खड्ड्यात ठेवलं, नागूकाकांनी नारळ फोडला आणि बायकांनी गूळ-खोबरं वाटायला सुरुवात केली.

मेस्त अंगणात आला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याचा पाय आमच्या जागेत पडला असेल. त्यानं माझ्यासमोर हात पसरला. "सळई."

मी आतून आणून दिली. तो ती घेऊन टपरीत गेला आणि आपल्या जागी उकिडवा बसला. गूळ-खोबरं खाणाऱ्या माणसांच्या गलक्यातही मला कानशीचा आवाज ऐकू येत होता. नेहमीचा तो मऊ, गोल फिरणारा आवाज नव्हता. एकाच दिशेनं, जोरजोरात. थोड्या वेळानं तो पुन्हा रस्ता ओलांडून आला आणि सळई माझ्या हातात दिली.

"ही आता तुझी," तो म्हणाला. "परत देऊ नको."

पितळेचा गोल दाणा त्यानं घासून काढून टाकला होता. पोलादाला सुईसारखं टोक होतं. मेस्तानं टोकदार केलेली सळई मी आयुष्यात ती एकच बघितली.

त्यानंतर तो दीड वर्ष जगला. कुणाला तो माझ्याबद्दल काही बोलला नाही. घमेल्यातल्या नाण्याची रेघ गिऱ्हाइकांना दाखवायचंही त्यानं बंद केलं. आप्पा नव्या घरात आले, उन्हाला ओसरीवर बसायला लागले. मी रोज सकाळी मोटरसायकल बाहेर काढायचो. समोर मेस्त, गुडघ्यांत सळई. पण आता कानस थांबत नसे. तो मान वळवत नसे, थुंकत नसे. तिथं मी उभा आहे हे त्याला दिसतच नसल्यासारखं त्याचं काम चालू असे.

मी उगाचच गाडी रेस करायचो. कधी दोनदा हॉर्न वाजवायचो. त्यानं एकदाही वर बघितलं नाही.